तिच्या उशाशी आज कोण बसणार?

सदर : घर आणि धम्म



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आपल्या बहुतेक विहारांत ही प्रथा आहे. यंदा वाचनात आजारी भिक्खूची कथा आली. मूळ कथा विनयपिटकातल्या महावग्गात आहे आणि बाबासाहेबांनी ती आपल्या ग्रंथात आवर्जून घेतली आहे.

एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन विहारातल्या निवासांची पाहणी करीत तेथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा करणारा कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी इतर भिक्खूंच्या काही कामाला येत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. भगवंतांनी त्याला उपदेश केला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून दोघांनी त्याला उचलले आणि खाटेवर निजवले. मग सगळ्या भिक्खूंना बोलावून समजावले की, इथे तुमची सेवा करायला ना आई आहे ना बाप. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला बुद्धाची सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

वाचन संपले, साधुकार झाला. चहा पिताना एक आजी म्हणाल्या, “मागच्या गल्लीतली ती सून कधी विहारात दिसत नाही गं.” दुसरी म्हणाली, “ती कशी येणार? तिची लेक अंथरुणाला आहे ना.” तेवढ्यावर विषय संपला आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

मला मात्र रात्री झोप लागली नाही. मी सारी उमर दवाखान्यात नर्स म्हणून काढली. ते घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. नऊ वर्षांत मी एकदाही त्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. त्या भिक्खूच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय?

दुसऱ्या दिवशी गेले. दहा बाय बाराची खोली. खाटेवर नऊ वर्षांची मुलगी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताठ राहतात, मान धरत नाही, बोलता येत नाही. सोबत फिट्स येतात. गिळताना अन्न श्वासनळीत जाते म्हणून नाकातून पोटात नळी घातली आहे, त्यातून दूध आणि पातळ पेज द्यावी लागते. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. वडील कंत्राटी सुरक्षारक्षक, बहुधा रात्रपाळी. बारा वर्षांचा भाऊ शाळेतून आला की पाणी भरतो आणि बहिणीजवळ बसतो.

मी विचारले, “तुला काय हवं गं?” मला वाटले पैसे म्हणेल, औषध म्हणेल. ती म्हणाली, “ताई, सलग तीन तास झोप हवी. पण हिला कुणाच्या हाती देऊ? सगळे येतात, बिचारी म्हणतात आणि जातात. हात कुणी लावत नाही, भितात.”

भगिनींनो, ‘बिचारी’ म्हणून उंबऱ्यावरून परत फिरायचे हे आपण सोडले पाहिजे. आणि भीती घालवायचा मार्ग एकच. काम शिकून घ्यायचे.

आधी मनातली जळमटे काढा

त्या आईला एका नातेवाईक बाईने सांगितले होते की हे मागच्या जन्मीचे पाप आहे. दुसऱ्या कुणी देवऋषाकडे नेले होते, त्यात अडीच हजार गेले आणि भर उन्हात मुलीला ताप भरला. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे! मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मी दुःख मिळते, हा विचार बुद्धाचा नव्हे, हे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात स्पष्ट केले आहे. मुलाच्या मेंदूला इजा का होते? मूल फार लवकर जन्मले, जन्मताना प्राणवायू कमी पडला, नवजात बाळाची कावीळ फार वाढली, मेंदूला ताप चढला, अशी त्याची कारणे असतात. कधी कारण सापडतही नाही. त्यात आईचा दोष नाही, आणि हा आजार शिवल्याने लागत नाही. आपली मुले खुशाल तिच्याजवळ बसू द्या.

सेवा करणाऱ्याचे पाच गुण

महावग्गात त्या कथेच्या पुढेच, आजाऱ्याची सेवा करायला कोण लायक, त्याचे पाच गुण सांगितले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शहाणपण मी दवाखान्यात शिकलेल्या कामाशी लावून पाहिले. एकही गुण जुना झालेला नाही.

पहिला गुण, त्याला औषध नीट देता आले पाहिजे. अशा घरात एक वही हवी, खाटेजवळ खिळ्याला टांगलेली. त्यात मुलाचे वजन, प्रत्येक औषधाचे नाव, किती आणि किती वाजता, कोणते औषध सोसत नाही, नळी कधी बदलली, शेवटची फिट कधी आली आणि किती मिनिटे टिकली, दवाखान्याचा केसपेपर नंबर आणि फोन. ही वही असली की शेजारीणही सांभाळू शकते आणि रात्री दवाखान्यात धावताना आईला सगळे आठवत बसावे लागत नाही. फिटचे औषध एक वेळसुद्धा चुकवू नये. “आता सहा महिने फिट नाही” म्हणून आपल्या मनाने बंद तर मुळीच करू नये. एकदम बंद केल्यानेच मोठी फिट येऊ शकते.

दुसरा गुण, आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे. जे मानवत नाही ते दूर करावे, मानवते ते जवळ आणावे. नळीतून भरवताना मूल कधीही आडवे ठेवू नये. डोके आणि पाठ उंच करून, मांडीला टेकवून बसवावे, आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसेच ठेवावे. प्रत्येक वेळी भरवण्याआधी नळी जागेवर आहे ना, नाकाजवळची खूण सरकली नाही ना, हे नर्सने शिकवल्याप्रमाणे तपासावे. शंका आली तर काही घालू नये. अन्न हळूहळू जाऊ द्यावे, सिरिंजने जोर करू नये. शेवटी थोडे उकळून गार केलेले पाणी सोडावे म्हणजे नळी तुंबत नाही. भरवताना मूल खोकले, गुदमरले, ओठ निळे पडले तर ताबडतोब थांबावे. नळी बाहेर आली तर न शिकलेल्या माणसाने परत घालू नये. अन्न किंवा दूध फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो, आणि या मुलांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका त्याचाच असतो.

काही मुलांना घरी ऑक्सिजनचे यंत्र लागते. तिथे एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगते. आपण बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ती लावू नका. फुले वाहा, वंदना म्हणा, तेवढे पुरे. बिडी, काडी, स्टोव्ह यांनाही तोच नियम. एकच खोली असेल तर खाट चुलीपासून शक्य तितकी दूर, दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि वीज गेली तर काय करायचे, भरलेला सिलिंडर कुठे आहे, हे आधीच ठरवून ठेवा.

तिसरा गुण, त्याने मैत्रीभावाने सेवा करावी, लाभासाठी नव्हे. यावर पुढे बोलते.

चौथा गुण, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. इथे पुष्कळजण मागे हटतात. आपल्या आजीपणजींना गावची मेलेली ढोरे ओढायला लावली, लोकांची घाण उचलायला लावली. ती सक्ती होती, अपमान होता, ती आपण झुगारून दिली. पण आपल्याच लेकराचे लंगोट बदलणे ही सक्ती नव्हे. स्वतः भगवंतांनी जे हाताने केले ते कमीपणाचे कसे? साबणाने हात धुवा आणि कामाला लागा.

पाचवा गुण, त्याने वेळोवेळी दोन शब्द बोलून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवावे. “तिला काय कळतं?” असे खाटेजवळ उभे राहून बोलू नका. बोलता न येणाऱ्या मुलालाही आवाज ओळखता येतो, हात ओळखता येतो. ही मुलगी भावाचा आवाज ऐकून हसते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि आईशीही बोला. आजारावर नको, इतर गोष्टींवर. तिलाही कुणाच्या लग्नात काय झाले ते ऐकायचे असते.

फिट आली तर

घाबरू नका. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचे टोकदार सामान हलवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, वेळ मात्र जातो. डॉक्टरांनी नाकात मारायचे औषध लिहून दिले असेल तर सांगितल्या वेळी मारा. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट चालत नसेल तर 108 ला फोन करा.

बापाचे काय, भावाचे काय?

पुष्कळ घरांत बाप म्हणतो, “मी कमावून आणतो, बाकी ती बघते.” बंधूंनो, पगार आणला हे खरे. पण नऊ वर्षांच्या मुलीचे वजन रोज आठ-दहा वेळा एकटीने उचलून तुमच्या पत्नीची कंबर जाते. मूल मोठे झाले की उचलायला दोन माणसे लागतात. गुडघ्यात वाकून, मूल अंगाशी धरून उचलायचे हे तुम्हीही शिका. सुटीच्या दिवशी एक रात्र तुम्ही जागा. मी त्या वडिलांना हे तोंडावर सांगितले. ते खाली बघून म्हणाले, “ताई, मला नळीची भीती वाटते.” म्हणजे तिथेही भीतीच होती. दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना समोर बसवून शिकवले. आता रविवारी सकाळचे भरवणे त्यांच्याकडे आहे.

आणि त्या भावाकडे बघा. तो शहाणा मुलगा आहे म्हणून सगळे कौतुक करतात आणि त्याच्यावर आणखी एक काम टाकतात. त्याची शाळा, त्याचा खेळ, त्याचा वाढदिवस हेही या घरात झाले पाहिजे. शेजाऱ्यांनी त्याला आठवड्यातून दोन दिवस अभ्यासाला आपल्या घरी बसवले तरी मोठी मदत होते.

कायद्याने काय मिळते

हे कापून ठेवा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व धरले आहे. त्यात सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता आहे. विदर्भातल्या आपल्या घरांत जो सिकलसेल आढळतो तो आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा, पुढच्या बहुतेक सवलती त्यावर मिळतात. तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, फिजिओथेरपी यांचाही खर्च धरतात. मूल अठरा वर्षांचे झाले की याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या डीईआयसी केंद्रात लहान मुलांसाठी व्यायामोपचार आणि तपासणी असते. शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलाला घरी येऊन शिकवण्याची सोय समग्र शिक्षा अभियानात आहे, जवळच्या शाळेत लेखी अर्ज द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठ्या उपचारासाठी फार उपयोगी आहे, पण ती मुख्यतः दवाखान्यातल्या खाटेचा खर्च देते. घरच्या खाटेशेजारी जी आई नऊ वर्षे बिनपगारी नर्स झाली आहे, तिची मजुरी त्यात नाही. 2016 च्या कायद्याच्या 24 व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी सेवा करणाऱ्याचा भत्ता, अशी तरतूद लिहिलेली आहे. केरळात आश्वासकिरणम् नावाच्या योजनेतून घरी सेवा करणाऱ्यांना मदत दिली जाते. आपल्या संघटनांनी मोर्चाच्या मागण्यांत ही एक ओळ का घालू नये?

ही सगळी कागदपत्रे त्या आईने कशी करायची? तिला खाटेजवळून हलता येत नाही आणि रांग तर सकाळी सातला लागते. इथे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. अर्ज भरा, झेरॉक्स काढा, रांगेत उभे राहा, मुलीला न्यायच्या दिवशी रिक्षा घेऊन दारात या.

शेजाऱ्यांनी केले तर होते

केरळचे आणखी एक सांगते. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1993 साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी आपल्या सहकाऱ्यांसह असाध्य आजाराच्या रोग्यांसाठी काम सुरू केले. पुढे त्यातून गावोगावी साधी माणसे, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, थोडे प्रशिक्षण घेऊन नर्सबरोबर घरोघरी जाऊ लागली. 2008 साली केरळ सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींनी ते काम उचलले. तिथली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. आपल्याकडे तर वस्तीवस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, वर्गणीची वही आहे.

आमच्या मंडळात आम्ही पाचजणी तयार झालो. आधी दवाखान्यात जाऊन सिस्टरकडून शिकलो. पहिले दोन आठवडे आईच्या समोरच सगळे केले. मग वार वाटून घेतले, दुपारी एक ते चार. नळीला हात लावायचा तो दोघींनीच, ज्यांना नीट जमले त्यांनी. बाकीच्यांनी कूस बदलणे, कपडे धुणे, मुलीशी बोलणे. सगळे गोड झाले असे नाही. एकीला पहिलीच फिट बघून रडू कोसळले, ती परत आली नाही. तिला आम्ही बोल लावला नाही, ती आता रेशन आणि औषधे आणून देते. एकदा आमच्यातली एकजण न कळवता चुकली आणि आईची दुपार वाया गेली. तेव्हापासून नियम केला की येता येत नसेल तर सकाळी नऊच्या आत सांगायचे, दुसरी जाईल. वार घेतला की तो पाळायचाच, कारण ती आई त्या तीन तासांवर आठवडा काढते.

आणि तिसऱ्या गुणाबद्दल बोलायचे राहिले होते, लाभासाठी सेवा करू नये. ही मुलगी मोठी होऊन कमावणार नाही, आपले नाव काढणार नाही, कधी ‘थँक्यू’ म्हणणार नाही. “मी कुणाच्या कामाला येत नाही,” असे तो भिक्खू म्हणाला होता. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘तुमचा उपयोग फक्त राबण्यापुरता’ असे ऐकावे लागले, त्या समाजाने तरी माणसाची किंमत उपयोगावर करू नये.

रमाई मला या घरात फार आठवते. तिची पाच मुले, त्यातली चार लहानपणी गेली. शेवटचा राजरत्न 1926 साली न्यूमोनियाने गेला. गरिबीत, आजारी लेकरांच्या उशाशी तिने किती रात्री काढल्या असतील. आपण तिच्या जयंतीला हार घालतो, ते योग्यच आहे. पण आज आपल्या वस्तीत जी रमाई जागी आहे, तिच्या दाराची कडी कोण वाजवणार?

मुलगी बरी झाली का, असे तुम्ही विचाराल. नाही. ती बरी होणार नाही, डॉक्टरांनी तसे स्वच्छ सांगितले आहे. पावसाळ्यात तिला छातीचा त्रास झाला, आठ दिवस दवाखान्यात होती. पण अश्विन पौर्णिमेला तिची आई पहिल्यांदा विहारात आली. मुलीजवळ तिचे वडील आणि आमच्यातली एकजण बसली होती. वंदना झाली, मग ती भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. आम्ही कुणी तिला उठवले नाही.

तुमच्या वस्तीत असे घर असेल. नसेल असे होणार नाही, फक्त ते दार बंद असते. या रविवारी जा. मदत करू का, असे विचारू नका, त्याला सगळे ‘नको’ म्हणतात. “माझा बुधवार, दुपारी एक वाजता येते, मला शिकव,” असे सांगा.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!